तेरा माणसं आणि एक बेट

पहाटे ४

अंधारातच होडी सुटते. मागच्या टोकाला उभा राहून एक माणूस लांबलचक वल्हं हलवतोय, पुढे त्याची बायको बसली आहे आणि दोघांच्या मधे लाकडी बादल्या. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात, हिरोशिमा प्रांतातल्या मिहारा शहराजवळ सुकुने नावाचं एक बेट आहे. परीघ जेमतेम अर्धा किलोमीटर. या दोघांच्या बेटावर गोडं पाणी नाही. चहूबाजूंनी पाणी, आणि प्यायला थेंब नाही. म्हणून शेजारच्या बेटावर जायचं, बादल्या भरायच्या, होडीनं परत यायचं, खांद्यावर कावड घेऊन चढ चढायचा आणि उतारावरच्या शेतातल्या रोपांना ते पाणी घालायचं. मग पुन्हा होडी.

सन १९६० मध्ये कानेतो शिंदो यांनी हा दिनक्रम चित्रित केला. चित्रपटाचं नाव 'हादाका नो शिमा'. जगभर तो 'द नेकेड आयलंड' म्हणून ओळखला जातो. ९६ मिनिटं, कृष्णधवल, एकही संवाद नाही. या नोंदीतले तास मी लावले आहेत. कामं मात्र पडद्यावरची आहेत आणि शिंदो यांच्या आयुष्यातली आहेत. स्वतंत्र दिग्दर्शक म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या मुलाखतींपेक्षा या बेटावरच्या एका दिवसातून मला जास्त कळलं.

त्या वेळी शिंदो ४८ वर्षांचे होते आणि त्यांची संस्था बुडायला आली होती. संस्थेचं नाव किंदाई एइगा क्योकाई. शोचिकु या बड्या स्टुडिओतून बाहेर पडून दिग्दर्शक कोझाबुरो योशिमुरा, अभिनेते ताइजी तोनोयामा आणि आणखी काही सहकाऱ्यांसोबत त्यांनी ती १९५० साली उभी केली. शोचिकुला शिंदोंच्या पटकथा फार काळोख्या वाटत. प्रेक्षक हसत बाहेर पडला पाहिजे, असा तिथला आग्रह. शिंदो पगार सोडून निघाले.

सकाळी ६

उजाडतं. होडी परत येईपर्यंत बेटावर दोन मुलगे उठलेले आहेत. त्यांनी चूल पेटवली आहे, जेवणाची मांडामांड केली आहे. बकरी आहे, बदकं आहेत. आईबाप चढ चढून येतात आणि चौघं उघड्यावर बसून भराभर जेवतात. कोणी कोणाशी बोलत नाही. बोलण्यासारखं काही घडलेलं नसतं आणि जे करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. कष्टकरी घरातली सकाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही शांतता खटकणार नाही.

अशा शांततेवर अख्खा चित्रपट उभा करण्याचं धाडस १९६० च्या जपानमध्ये कुठला स्टुडिओ करणार होता? तेव्हा जपानी चित्रपटाचा धंदा जोरात होता. १९५८ साली वर्षभरात ११२ कोटींवर तिकिटं विकली गेली होती. १९६० मध्ये ५४७ चित्रपट तयार झाले. पण हा सगळा व्यवहार सहा कंपन्यांच्या हातात होता: शोचिकु, तोहो, दाइएई, तोएई, निक्कात्सु, शिनतोहो. चित्रपट त्यांचे, नटनट्या त्यांच्या कराराला बांधलेल्या आणि थिएटरंही त्यांना जोडलेली. एका कंपनीशी बांधलेल्या थिएटरात वर्षभर त्याच कंपनीचा माल लागायचा. बाहेरच्या माणसाचा चित्रपट कितीही चांगला असला तरी तो लावायला पडदाच मोकळा नसे. स्वतंत्र निर्मात्याची खरी अडचण चित्रपट काढण्यात नव्हती, तो लोकांपर्यंत नेण्यात होती. आज हे वाचणाऱ्या मराठी निर्मात्याला यातलं काही नवं वाटणार नाही.

शिंदोंनी या भिंतीवर दहा वर्षं धडका दिल्या. १९५२ मध्ये त्यांनी जपानच्या शिक्षक संघटनेच्या मदतीनं 'गेम्बाकु नो को' काढला. अणुबाँबनंतर हिरोशिमाला परतणाऱ्या शिक्षिकेची ती गोष्ट आहे आणि हिरोशिमा हा शिंदोंचा स्वतःचा मुलूख. १९५९ मध्ये 'दाइगो फुकुर्यू मारू' आला. बिकिनी बेटावरच्या अमेरिकन हायड्रोजन बाँबच्या चाचणीत १९५४ साली एका मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली होती, त्या बोटीवरचा हा चित्रपट. विषय महत्त्वाचा होता, पण तिकिटं विकली गेली नाहीत आणि संस्था कर्जात रुतली. आता संस्था बंद करायची आणि त्याआधी मनासारखा एक शेवटचा चित्रपट काढायचा, असं ठरलं. हातात सुमारे ५० लाख येन होते. तेव्हाच्या नेहमीच्या चित्रपटाला लागणाऱ्या पैशाचा हा दहावा हिस्सा, असं सांगितलं जातं.

तेवढ्या पैशात सेट उभारता येत नाही. तेरा माणसांची तुकडी आणि एक बेट, एवढं मात्र जमतं.

सकाळी ८

थोरल्याला शाळेत पोचवायचं आहे. शाळा पलीकडच्या बेटावर. आई त्याला होडीतून नेते आणि रिकाम्या हातानं परतत नाही, बादल्या भरून घेते. एका फेरीत दोन कामं.

शिंदोंची कामाची रीतही हीच होती. पटकथा त्यांचीच, दिग्दर्शनही त्यांचंच. कॅमेऱ्यावर किओमी कुरोदा. पुढे 'ओनिबाबा' आणि 'कुरोनेको'लाही हेच कुरोदा होते. संगीत हिकारु हायाशी यांचं. संवाद नसलेल्या चित्रपटात त्यांची एकच धून पुन्हा पुन्हा येत राहते, पाण्याच्या फेऱ्यांसारखी. दोन्ही मुलं मुरलेले बालकलाकार नव्हते. मोठे नट दोनच. त्यातले तोनोयामा संस्थेचे संस्थापक आणि दुसऱ्या नोबुको ओतोवा.

ओतोवांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. त्या ताकाराझुका या सगळ्या स्त्री कलाकार असलेल्या संगीत नाट्यसंस्थेतून आल्या. दाइएई स्टुडिओनं त्यांची जाहिरात 'दहा लाख डॉलरची खळी' अशी केली होती. गोड चेहऱ्याची नायिका म्हणून त्यांचं बस्तान छान बसलं असतं. १९५१ मध्ये शिंदोंच्या पहिल्या चित्रपटात, 'आइसाई मोनोगातारी'त, त्यांनी आग्रहानं काम केलं. त्यानंतर स्टुडिओचा करार सोडून त्या शिंदोंच्या संस्थेत आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. सुकुनेवर त्या खळीचा काही उपयोग नव्हता. इथे खांदा लागत होता.

सकाळी १०

आता चढ.

चित्रपटातली बहुतेक मिनिटं या चढावर जातात आणि मलाही इथेच रेंगाळायचं आहे. पायवाट अरुंद आहे. दोन टोकांना दोन भरलेल्या बादल्या, मधे वाकलेला बांबू, बांबूखाली खांदा. एक पाऊल चुकलं तर बादली हिंदकळते. हिंदकळलं की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की एक फेरी गेली. म्हणून गुडघे किंचित वाकवायचे, श्वास पावलाशी जुळवायचा, नजर जमिनीवर ठेवायची. कॅमेरा कधी पावलांवर असतो, कधी बांबूच्या थरथरण्यावर, तर कधी इतका दूर की माणसं डोंगराच्या कडेवर ठिपक्यांएवढी दिसतात.

बादल्यांमध्ये खरं पाणी होतं. शिंदोंचा तो हट्टच होता. रिकामी बादली घेऊन जड चालण्याचं सोंग आणता येतं, पण बांबू वाकत नाही, मानेची शीर ताणली जात नाही आणि पाऊल टाकण्याआधी माणूस जो अर्धा क्षण थांबतो तो थांबत नाही. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, खोटेपणा मात्र कळतो. संवाद असते तर कदाचित काहीतरी झाकलं गेलं असतं. इथे झाकायला काहीच नव्हतं. कॅमेऱ्यासमोर ओतोवा आणि तोनोयामा खरोखर पाणी वाहत होते.

एका प्रसंगी बायकोचा पाय घसरतो आणि एक बादली सांडते. नवरा पुढे होता. तो आपली कावड खाली ठेवतो, तिच्याजवळ येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. मग तिची उरलेली बादली सावरायला हात देतो. दोघं पुन्हा कामाला लागतात.

हा प्रसंग पाहताना मला अजूनही राग येतो, आणि तो यायलाच हवा. तिची चूक नव्हती. नवऱ्याला पाण्याची किंमत ठाऊक आहे, बायकोची ठाऊक नाही, असं त्या क्षणी वाटतं. शिंदो त्याची बाजू घेत नाहीत आणि तिला रडवतही नाहीत. टंचाई आधी माणसाच्या हातात शिरते आणि हात उगारला जातो तो घरातल्या बाईवर. हे त्यांनी उघड्या उन्हात दाखवलं आणि वर समजावणीचा एक शब्द घातला नाही. इतक्या वर्षांनंतरही पाण्यावरच्या चित्रपटांत याहून खरं दृश्य मी पाहिलेलं नाही.

वर पोचल्यावर पाणी घालायचं काम. रोपाला एक ओगराळं, बस. माती पाणी पिऊन टाकते आणि क्षणात पुन्हा पांढरी पडते. पुढचं रोप.

दुपारी १

उन्हाळ्यातली भर दुपार. विसावा म्हणावा असा काही नाही. कधी खुरपणी असते, कधी गव्हाची मळणी. पीक निघालं की त्यातली पोती होडीत घालून जमीनमालकाला खंड म्हणून पोचवायची.

शिंदो हे सगळं पर्यटकाच्या डोळ्यांनी पाहत नव्हते. त्यांचा जन्म २२ एप्रिल १९१२ चा, हिरोशिमाजवळच्या जमीनदार घरातला. वडील कुणाच्या तरी कर्जाला जामीन राहिले आणि घरदार, जमीन सगळं गेलं. आई शेतात राबताना त्यांनी पाहिली होती. तिची आठवण त्यांच्या चित्रपटांत अखेरपर्यंत येत राहिली. १९८६ चा 'राकुयोजु' तर तिच्यावरच आहे.

चित्रपटाच्या धंद्यात ते १९३४ मध्ये शिरले तेही तळातून. क्योतोच्या शिनको किनेमामध्ये फिल्म धुण्याच्या खात्यात. नंतर कलाविभाग, मग केंजी मिझोगुची यांच्या हाताखाली. लिहिलेली पटकथा त्यांनी मिझोगुचींना दाखवली, तेव्हा ही पटकथा नव्हे, नुसती कथेची रूपरेषा आहे, असं उत्तर मिळालं. ते जिव्हारी लागलं. शिंदोंनी जगभरची नाटकं मिळवून वाचून काढली आणि पुन्हा लिहायला बसले. त्या दिवसांत त्यांना धीर देणारी पत्नी १९४३ मध्ये क्षयानं गेली. पुढच्या वर्षी ३२ व्या वर्षी नौदलात भरती व्हावं लागलं. त्यांच्या तुकडीत शंभर माणसं होती. कोणाला कुठे पाठवायचं ते वरिष्ठ चिठ्ठ्या टाकून ठरवत. युद्ध संपलं तेव्हा शंभरातले सहा जिवंत होते. शिंदो त्या सहांतले.

एवढं पाहिलेला माणूस बेटावरच्या कुटुंबाकडे कॅमेरा लावतो, तेव्हा त्याला त्यांची कीव येत नाही. तो त्यांच्या बरोबरीनं उभा असतो.

दुपारी ४

मुलांनी गळ टाकून 'ताई' जातीचा मोठा मासा पकडला आहे. आज सुटीचा दिवस. चौघं ठेवणीतले कपडे घालून ओनोमिची शहरात जातात. मासा विकायला दारोदार हिंडतात, विकला गेल्यावर मुलांना कपडे घेतात, हॉटेलात जेवतात. एका दुकानाच्या काचेआड दूरदर्शन संच चालू असतो, तो पाहत उभे राहतात. रोपवेत बसून डोंगरावर जातात. चित्रपटातला आनंदाचा सगळ्यात मोठा तुकडा हाच आणि तोही एका माशाच्या पैशात मावणारा.

जपानमध्ये तेव्हा घराघरात टीव्ही येत होता. पुढच्या काही वर्षांत त्याच काचेच्या डब्यानं थिएटरं रिकामी केली. शिंदोंना आडवी येणारी ती स्टुडिओंची भिंतही त्यामुळे खिळखिळी झाली. शिनतोहो १९६१ मध्येच बुडाली, दाइएई १९७१ मध्ये. छोटी किंदाई एइगा क्योकाई मात्र टिकली.

संध्याकाळी ६

किनाऱ्यावर लोखंडी पिंपात पाणी तापवलं आहे. आधी मुलं अंघोळ करतात, मग नवरा, शेवटी ती. पिंपात बसून ती समुद्राकडे पाहते आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या खांद्यांवर काही नसतं. इथे ओतोवा हसतात. फार नाही, ओठांच्या कडेला. जाहिरातवाल्यांनी ज्या चेहऱ्याला किंमत लावली होती तो याच प्रसंगात सगळ्यात सुंदर दिसतो, हे माझं ठाम मत.

तोनोयामांची संध्याकाळ वेगळी होती. ते अट्टल पिणारे होते आणि चित्रीकरण सुरू झालं तेव्हा दारूनं त्यांची प्रकृती पार ढासळलेली होती. तिथे दारू मिळेना. दिवसभर वल्हं मारायचं, पाणी वाहायचं आणि कोरडं झोपायचं. चित्रीकरण संपेपर्यंत ते खडखडीत बरे झाले, असं शिंदोंनी नंतर सांगितलं आहे.

सगळ्या तुकडीनं एकत्र राहून काम करायचं, ही शिंदोंची पद्धतच होऊन बसली. १९६४ चा 'ओनिबाबा' त्यांनी चिबा प्रांतातल्या इनबा दलदलीजवळ, माणसाहून उंच गवतात चित्रित केला. तिथे तात्पुरत्या खोल्या उभारून सगळे राहिले. माणसं वैतागून पळतील म्हणून नियम केला की मधेच जाणाऱ्याला पैसे मिळणार नाहीत. नियम कठोर होता, पण दिग्दर्शकही त्याच चिखलात राहत होता.

रात्री ९

थोरल्याला अचानक ताप भरतो. बाप होडी हाकारतो, पलीकडच्या बेटावर डॉक्टरला शोधत धावतो. ते पोचेपर्यंत मुलगा गेलेला असतो.

अंत्ययात्रेला शाळेतले सोबती, शिक्षक आणि पुरोहित होडीतून येतात. बेटाच्या माथ्यावर त्याला पुरतात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. चढावर आई एकदम बादली उलथून टाकते, रोपं उपटते, मातीत तोंड खुपसून रडते. नवरा पाहत राहतो. या वेळी तो हात उगारत नाही, जवळ जाऊन समजूतही काढत नाही, थोड्या वेळानं वळून पुढच्या रोपाला पाणी घालतो. ती उठते. तीही पाणी घालू लागते.

दुःख गिळून कामाला लागण्याचा हा गौरव आहे, असं काही जण मानतात. मला ते पटत नाही. तिचं रडणं शिंदोंनी पूर्ण होऊ दिलं आहे, मधे तोडलेलं नाही. रोपांना मात्र थांबता येत नाही आणि खंड भरायचा आहे. कष्टकऱ्याला शोक करायला सुटी मिळत नाही, ही तक्रार इथे शब्दांवाचून पोचते.

मध्यरात्रीनंतर

स्वतंत्र दिग्दर्शकाचा दिवस चित्रीकरण संपल्यावर संपत नाही. फिल्मचे डबे भरले तरी ते विकायचे असतात. चित्रपट १९६० च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये लागला. १९६१ च्या मॉस्को महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ग्रिगोरी चुखराई यांच्या 'चिस्तोए नेबो' या सोव्हिएत चित्रपटाबरोबर ते विभागून होतं. मग साठाहून अधिक देशांनी तो विकत घेतला. संवादच नसल्यामुळे भाषेचा अडसर नव्हता. कर्ज फिटलं. शेवटचा म्हणून काढलेल्या चित्रपटानं संस्था वाचवली.

त्यानंतर शिंदोंनी अर्धशतक काम केलं. इतर दिग्दर्शकांसाठी लिहिलेल्या धरून त्यांच्या पटकथा दोनशेच्या वर जातात. ओतोवांशी त्यांनी १९७८ मध्ये लग्न केलं. ओतोवांचा शेवटचा चित्रपट 'गोगो नो युइगोन्जो'. तो पडद्यावर येण्याआधीच, १९९४ च्या डिसेंबरमध्ये, त्या गेल्या. त्या शंभर माणसांची आणि चिठ्ठ्यांची गोष्ट शिंदोंनी वयाच्या ९८ व्या वर्षी 'इचिमाई नो हागाकी'त सांगितली आणि तोच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. २९ मे २०१२ रोजी ते वारले. महिन्याभरापूर्वीच त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली होती.

आपल्याकडे फिल्म सोसायट्या चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. हा चित्रपट दाखवायला उपशीर्षकं लागत नाहीत, भाषांतर लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. त्याचे हक्क रीतसर मिळवा आणि तो पुण्यामुंबईच्या सभागृहात न ठेवता जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते त्या गावांत, शाळेच्या भिंतीवर किंवा ग्रामपंचायतीच्या अंगणात दाखवा. बायकांना पुढे बसवा. चित्रपट संपल्यावर भाषण करू नका, त्यांना बोलू द्या.